चूक ऑपरेटरची, मग चौकशी कसली?

प्रश्न: मी केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट इनचार्ज आहे. मागच्या महिन्यात टँक ओव्हरफ्लो होऊन दोघं भाजले. रिपोर्टमध्ये 'ऑपरेटरची चूक, पुन्हा ट्रेनिंग द्यावं' एवढंच लिहिलं आणि फाईल बंद. अ‍ॅक्सिडेंट अ‍ॅनालिसिस म्हणजे इतकंच असतं का हो?

उत्तर: नाही, आणि तुम्हाला ते पटलं नाही हे बरंच झालं. ऑपरेटर चुकला इथून चौकशी सुरू व्हायला हवी, तुमच्याकडे ती तिथेच थांबवली.

अमेरिकेतल्या टेक्सस सिटीच्या तेल रिफायनरीत २३ मार्च २००५ ला तुमच्यासारखंच ओव्हरफिलिंग झालं, त्यातून स्फोट होऊन १५ माणसं गेली, १८० जखमी. वरवर बघितलं तर टॉवर (द्रव वेगवेगळे करणारा उंच स्तंभ) जास्त भरला, संपला विषय! पण खोदत गेल्यावर कळलं की टॉवर काठोकाठ भरत असताना लेव्हल मीटर मात्र लेव्हल उतरतेय असं दाखवत होता, हाय लेव्हलचा दुसरा, स्वतंत्र अलार्म वाजलाच नाही, काही ऑपरेटर २९ दिवस सलग बारा-बारा तास ड्युटी करत होते, आणि आधीच्या बहुतेक स्टार्टअपलाही (म्हणजे युनिट पुन्हा चालू करताना) लेव्हल अशीच वर गेली होती पण काही झालं नाही म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मेलेली माणसं तर टॉवरवर नव्हतीच, जवळ उभ्या केलेल्या ट्रेलर ऑफिसात आणि त्याच्या आसपास होती. आता सांगा, ट्रेनिंगने यातलं काय सुटलं असतं?

इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या केमिकल प्लांटमध्ये १९७४ मध्ये तर एक रिअ‍ॅक्टर काढून त्याजागी तात्पुरता पाइप टाकला, त्याचं ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती. तो पाइप फुटून स्फोट झाला, २८ जण गेले. 'तात्पुरतं' हा शब्द आमच्या धंद्यात फार महाग पडतो, असो. कुठलाही बदल करायच्या आधी तो तपासून मंजूर करून घ्यायचा ही पद्धत जी पुढे रुजली, त्यात या अपघाताचा मोठा हात आहे.

तुम्ही एक करा. त्या टँकच्या जुन्या लॉगशीट काढा. लेव्हल याआधी किती वेळा वर गेली होती, अलार्म बायपास (मुद्दाम बंद करून ठेवलेला) होता का, इन्स्ट्रुमेंट शेवटचं कधी कॅलिब्रेट केलं (बरोबर दाखवतंय का ते तपासून जुळवलं), शिफ्ट बदलताना काय सांगितलं गेलं, हे सगळं बघा. आणि त्या ऑपरेटरशी निवांत बोला, जबाब घेतल्यासारखं नको. 'का केलंस' न विचारता 'तेव्हा तुला पॅनलवर काय दिसत होतं' असं विचारा.