विचारा स्वयंपाकघराला : थंड कॉफी

प्रश्न : नेहमीसारखी कडक कॉफी करून बर्फावर ओततो, तरी ग्लास पाणचट लागतो. कॉफी पूड वाढवली तर नुसता कडवटपणा वाढतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर : पूड कमी पडत नाही, बर्फ जास्त वितळतोय. 80 अंशांची 150 मिली कॉफी 5 अंशांपर्यंत उतरवायला सुमारे सव्वाशे ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. घरच्या ट्रेमधला खडा साधारण 15 ते 20 ग्रॅमचा, म्हणजे सात-आठ खडे त्यातच संपले. तुम्ही केली कपभर कॉफी आणि प्यायलात जवळजवळ दोन कप.

यावर उपाय पाण्याचा आहे, पुडीचा नाही. स्टीलच्या फिल्टरमध्ये 20 ग्रॅम पूड हलकेच दाबा आणि वर 100 मिली उकळतं पाणी घाला. पूड आपल्या वजनाच्या दुपटीइतकं पाणी धरून ठेवते, म्हणून खाली 60 मिलीच डिकॉक्शन उतरेल. तेवढं एका ग्लासाला पुरतं. ते वीस-पंचवीस मिनिटं बाहेरच निवू द्या, मग त्यात फ्रिजमधलं 120 मिली दूध घाला. आता चार-पाच खडे टाकलेत तरी लगेच वितळेल तो एखादाच. बाकीचे ग्लास गार ठेवायला उरतात.

फिल्टर नसेल तर दोन चमचे इन्स्टंट कॉफी 30 मिली कोमट पाण्यात आधी पूर्ण विरघळवा. थेट गार दुधात टाकली की गुठळ्या होतात आणि चमचा कितीही फिरवला तरी मोडत नाहीत. फार हळूहळू पिणाऱ्यांनी उरलेल्या डिकॉक्शनचाच बर्फ करून ठेवावा. तो वितळला तरी ग्लासात कॉफीच वाढते.

प्रश्न : वेलदोडा-जायफळाची पूड घालते, पण ती तळाशी बसते आणि शेवटचा घोट खरखरीत लागतो. साखरही नीट विरघळत नाही. बाहेरच्या बाटलीतली सिरप आणायची नाहीत. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आणूही नका. जायफळाची कॉफी आपल्याकडे बाटल्या यायच्या कितीतरी आधीपासून आहे. ती गरम असते, एवढाच फरक. गरम दुधात मसाल्याचा वास आपोआप उतरतो, गार दुधात उतरत नाही. शिवाय थंड पदार्थाचा गोडवा आणि वास दोन्ही जिभेला कमी जाणवतात. म्हणून स्वाद ग्लासात न घालता पाकात घालायचा.

200 ग्रॅम साखर आणि 200 मिली पाणी गरम करा. साखर विरघळली की लगेच गॅस बंद. तार यायला नको, नाहीतर गार झाल्यावर पाकात खडे धरतात. मगच आठ वेलदोडे सालासकट ठेचून घाला, पाव जायफळ किसून टाका आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. बहुतेकजण चुकतात ते इथे: वेलदोडा पाकाबरोबर उकळतात, मग स्वयंपाकघर घमघमतं आणि पाकात वास उरत नाही. दालचिनीचं मात्र उलटं. तिची काडी सावकाश सुटते, म्हणून दोन इंचाचा तुकडा पाण्यात आधी पाच मिनिटं उकळून मग साखर घाला. व्हॅनिला इसेन्स वापरणार असाल तर पाक पूर्ण निवल्यावर एक छोटा चमचा, त्याआधी नाही.

पाक मलमलच्या कापडातून गाळा. चहाच्या गाळणीतून जायफळाचा कीस निसटतो आणि पुन्हा तीच खरखर. कोरड्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये हा पाक दोन आठवडे चांगला राहतो. वरच्या मापाच्या ग्लासाला 15 मिली, म्हणजे पोह्यांचा मोठा चमचाभर, पुरे. त्यात साधारण 9 ग्रॅम साखर जाते. जायफळ आवडतं म्हणून अख्खं किसू नका. जास्त झालं की ते औषधासारखं लागतं, आणि ते फार पोटात जाणं बरंही नाही.

प्रश्न : फिल्टर कॉफीची पूड रात्रभर गार पाण्यात भिजवली. सकाळी गाळता गाळेना, आणि चव काढ्यासारखी. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : पाकिटावर चिकोरीचं (कॉफीत मिसळलेल्या भाजक्या मुळाच्या पुडीचं) प्रमाण छापलेलं असतं, ते आधी बघा. 70:30 किंवा 60:40 मिश्रण फिल्टरमधून उतरवायला छान, पण बारा-चौदा तास भिजवलं की चिकोरी भरमसाट उतरते. रंग काळा आणि चव जड होते. शिवाय ही पूड बारीक असते, म्हणून कापड तुंबतं.

या पद्धतीला चिकोरी नसलेली कॉफी हवी, आणि दळण लापशीच्या रव्यापेक्षा जरासंच बारीक. मिक्सर सलग चालवू नका. दोन-दोन सेकंदांचे झटके द्या आणि खाली पडणारी बारीक पूड रव्याच्या चाळणीने काढून टाका. 50 ग्रॅम भरडीला 400 मिली पाणी, फ्रिजमध्ये 14 ते 16 तास. गाळताना कापड पिळू नका, पिळलं की गाळ आणि कडवटपणा दोन्ही येतात. 300 मिलीच्या आसपास हाती लागेल. तीन-चार दिवसांत संपवा.

प्रश्न : गूळ चालेल का? दूध फाटेल अशी भीती वाटते. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : चालेल, उलट थंड कॉफीतच जास्त चालेल. गुळातल्या आंबटपणाने आणि क्षारांनी दूध फाटतं ते मुख्यतः गरम असताना. 200 ग्रॅम गूळ 150 मिली पाण्यात विरघळवा, एक उकळी आणून गाळा (कचरा निघतोच) आणि पूर्ण गार झाल्यावरच वापरा.

प्रश्न : नारळाच्या दुधाची थंड कॉफी केली, तर वर पांढरे कण तरंगले. दूध नासलं का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : नासलं नाही, गोठलं. खोबरेल थंडीत बाटलीत गोठतं, तेच हे. नारळाची चरबी 24 अंशांच्या खाली घट्ट होऊ लागते. पहिलं घट्ट दूध आमटीला ठेवा आणि कॉफीला दुसरं, पातळ दूध घ्या. तेही फ्रिजमध्ये न ठेवता. डिकॉक्शन, पाक आणि तीन खडे बर्फासह मिक्सरमधून अर्धा मिनिट फिरवा आणि लगेच प्या. दहा मिनिटं ठेवलंत तर कण पुन्हा वर येणारच.