बाराखडी पाठ, पण शब्द वाचता येईना

प्रश्न : माझ्या तिसरीच्या वर्गातली सात मुलं बाराखडी धडाधड म्हणतात, पण ‘पिशवी’ वाच म्हटलं की अडतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी फळ्यावर ‘पु, ले, खी, डो’ असं विस्कटून लिहा आणि एकेकाला जवळ बोलावून वाचायला सांगा. मूल ओठांतल्या ओठांत ‘प, पा, पि, पी’ करत ‘पु’पर्यंत पोचत असेल, तर त्याला चाल पाठ आहे, उकार ओळखता येत नाही. त्याला पुन्हा बाराखडी घोकायला लावणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सगळी मुळाक्षरं एका दमात नकोत. म, क, ल, न, स, र ही सहा अक्षरं आणि फक्त काना घ्या. एवढ्यात काम, नाक, लाल, कमान, मसाला हे शब्द होतात आणि ‘काका, काम करा’ असं अख्खं वाक्यही. मग दुसरी वेलांटी : काकी, मामी, कमी. पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेवा. ती दिसते अक्षराच्या आधी, उच्चारली जाते नंतर. काही मुलं आधी ‘पशव’ लिहून मागाहून वेलांट्या देतात आणि ‘पशिवी’ होऊन बसतं. म्हणून ‘पि’ची अक्षरपट्टी एकसंध करा, ‘प’ आणि वेलांटी असे दोन तुकडे नकोत.

आणखी एक अडचण सहसा लक्षात येत नाही. सुटा ‘म’ आपण पूर्ण म्हणतो, ‘काम’मधला शेवटचा ‘म’ मात्र तोकडा. मूल ‘का... मऽ’ असं जोडतं आणि ओळखीचा शब्दही त्याला परका वाटतो. बोट न उचलता शब्दाखालून सरकवायला सांगा, मग विचारा, ‘बोलताना कसं म्हणतोस?’

रोज वीस मिनिटं पुरेत : पाच मिनिटं पट्ट्या, दहा मिनिटं एकेकाचं वाचन, उरलेल्या वेळात त्याच दिवशीच्या पाच शब्दांचं श्रुतलेखन, पाटीवर. एकसुरात वाचन टाळा. त्यात कच्चं मूल शेजाऱ्याच्या मागून नुसते ओठ हलवतं आणि तुम्हाला वाटतं, जमलं!

प्रश्न : ‘मूल’ दीर्घ, मग ‘मुलाला’ ऱ्हस्व का? पाचवीची मुलं हमखास चुकतात.

उत्तर : अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ असतो : मूल, फूल, पीठ, चूल. प्रत्यय लागताना शब्दाचं सामान्यरूप होतं, शेवट बदलतो आणि हा इकार-उकार ऱ्हस्व होतो : मुलाला, फुलात, पिठात, चुलीत. नियम पाठ करून घेण्यापेक्षा वहीत दोन रकाने आखून जोड्या लिहून घ्या. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द या जोड्यांत मिसळू नका. ‘गुण’, ‘विष’ ऱ्हस्वच राहतात, आणि ‘परीक्षा’चं ‘परीक्षेत’ झालं तरी ‘री’ दीर्घच.