हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग अजून पाहण्यासारखा राहिला आहे का, की तिथे आता नुसता बाजारच उरला आहे?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. पुण्याहून एका दिवसात हरिहरेश्वरला जाऊन येता येईल का, देवळामागच्या टेकडीला समुद्राकाठच्या खडकांवरून वळसा घालणाऱ्या प्रदक्षिणा मार्गासाठी एवढा प्रवास करावा का, आणि देवळापाशी "लुटारू बाजार" माजला आहे असे ऐकले ते खरे का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुढे येतीलच. परंतु "लुटारू" हा शब्द वाचून मला स्वस्थ बसवले नाही, कारण त्या बाजारात माझ्या आईचे दुकान आहे. दुकान म्हणजे चार बांबू, वर दोरीने ताणून बांधलेली ताडपत्री आणि खाली दोन बाकडी, एवढेच.

आमचे घर मूळचे सुपारीच्या वाडीवर चालणारे. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला चांगला भाव असे आणि आई घरच्या ओटीवरून येणाऱ्याजाणाऱ्याला थोडीफार आमसुले, फणसपोळी विकत असे, तीही हौसेने. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले आणि एका दुपारीत वाडी आडवी झाली. सुपारीचे झाड उंच, सडपातळ आणि उथळ मुळांचे असते, त्यामुळे एक झाड पडताना शेजारच्या चारांना घेऊन पडते. नवे रोप लावल्यापासून पीक हाती यायला सहा-सात वर्षे तरी जातात. ती मधली वर्षे खायचे काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ती ताडपत्री. त्या रांगेत बसणाऱ्या अनेक बायका अशाच कारणाने तिथे आल्या आहेत, हे तुम्हाला गाडीच्या काचेतून दिसणार नाही.

आता प्रसंग सांगतो. २०२१ च्या भाऊबीजेला माझी आत्या माहेरी आली आणि तिच्याबरोबर माझा आतेभाऊ, वहिनी, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आणि पुण्याची आणखी दोन मित्रमंडळी आली. करोनामुळे बंद असलेली देवळे महिनाभरापूर्वीच उघडली होती, त्यामुळे गर्दी अफाट होती. मी आईबरोबर दुकानात आमसुले तोलत होतो. सकाळी अकराच्या सुमारास ही मंडळी काळभैरवाचे आणि मग हरिहरेश्वराचे दर्शन घेऊन आली आणि आता प्रदक्षिणेला निघतो म्हणाली. आईने हातातले काम खाली ठेवून सांगितले, "आत्ता उतरू नका. बीज आहे आज, उधाणाचं पाणी आहे, दीडला भरती. जेवून घ्या, साडेचारनंतर जा, सूर्यास्तही तिथूनच दिसेल." त्यावर आतेभाऊ चार गिऱ्हाइकांसमोर हसून म्हणाला, "मामी, गिऱ्हाईक थांबवून धरायची ही चांगली युक्ती आहे."

आई काही बोलली नाही. मी मात्र ते वाक्य आजतागायत विसरलेलो नाही.

आईचा हिशेब सोपा होता आणि किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तो तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीयेची पाऊणपट दीड, म्हणून दीडला भरती, अर्धा तास मागेपुढे. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून सहाला. एकादशीची सव्वाआठ. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि दररोज ही वेळ पाऊण तासाने, किंबहुना थोडी अधिकच, पुढे सरकते. दुसरी गोष्ट उधाण आणि भांग यांची. अमावास्या आणि पौर्णिमेला, आणि त्यानंतरचे एकदोन दिवस, चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत असल्यामुळे पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती ओढ विभागली जाते आणि पाण्याचा चढउतार कमी होतो, तो भांग. शिवाय पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते हलल्यासारखेही वाटत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या तासात ते सर्वांत झपाट्याने येते. उधाणाच्या दिवशी, दीडच्या भरतीला, सकाळी अकरा वाजता खडकांवर उतरणे म्हणजे नेमके त्या झपाट्याच्या तोंडी जाणे होय.

वीस मिनिटे झाली तशी आईने मला उठवले. शेजारचा शहाळेवाला आणि त्याचा भाऊ यांना हाक मारली आणि ताडपत्रीची एका बाजूची दोरी सोडून माझ्या हातात दिली. आम्ही पायऱ्या चढून टेकडीच्या पलीकडे गेलो. पुढे दोन कड्यांमधील चिंचोळ्या फटीतून पायऱ्या खाली समुद्राकडे उतरतात. तिला गणेशगल्ली म्हणतात. तिथून खाली पाहिले तेव्हा पाचही मोठी माणसे आणि मुलगा एका उंचवट्याच्या खडकावर उभे होते, आणि तो खडक व पायऱ्या यांच्यामध्ये जी घळ ते अर्ध्या तासापूर्वी कोरड्या पायांनी ओलांडून गेले होते, ती भरली होती. पाणी कमरेइतकेच होते, परंतु प्रत्येक लाटेला ते छातीपर्यंत येऊन तितक्याच जोराने मागे ओढत होते. ज्याने हे पाहिले नाही त्याला "कमरेइतके पाणी" हे शब्द किरकोळ वाटतात.

शहाळेवाल्याने दोरी कमरेला बांधून पलीकडे जाऊन मुलाला खांद्यावर घेतले. परतताना एक लाट दोघांच्याही डोक्यावरून गेली. मुलाच्या नाकातोंडात पाणी गेले, पण हात सुटला नाही. वहिनींचा पाय खडकाला चिकटलेल्या कालवांवर पडला आणि तळवा चांगलाच चिरला. उरलेले सगळे एकेक करून दोरीला धरून आले. वरच्या पायरीवर पोहोचलो तेव्हा ज्या खडकावर ते उभे होते त्याच्यावरून पाणी वाहू लागले होते. खाली आईच्या बाकड्यावर त्यांना बसवले. आईने मुलाला कोरड्या पंच्यात गुंडाळले, गूळपाणी दिले, वहिनींच्या पायाची जखम धुऊन बांधली आणि झाल्या प्रकाराबद्दल एक अक्षर काढले नाही.

त्या रात्री जेवताना आतेभावाने जे सांगितले त्यावरून आमचा वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. त्याचे म्हणणे असे की, या ठिकाणाचे निसर्गसौंदर्य बाजाराने झाकून टाकले आहे, देवळापर्यंत नुसती विक्री चालते आणि धोक्याची सूचना मात्र कोणी देत नाही. सूचनेचा फलक मार्गाच्या तोंडाशी होता. पण तो वाद बाजूला ठेवतो. मला त्याला, आणि आज तुम्हालाही, एवढेच विचारायचे आहे की त्या दिवशी तिथे बाजार नसता तर भरतीची वेळ सांगायला कोण बसले असते, वीस मिनिटे मोजायला कोण असते आणि दोरी कुठून आली असती? निर्जन किनाऱ्याची आवड मलाही आहे. परंतु ज्या किनाऱ्यावर कोणीच बसलेले नाही, तिथे बुडणाऱ्याकडे पाहणारेही कोणी नसते.

आता मार्गाबद्दल. तो पाहण्यासारखा आहे का, तर निःसंशय आहे, आणि मी हे तिथे वाढलो म्हणून म्हणत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट लाटांनी तळाशी झिजत झिजत मागे हटला आणि त्याचा सपाट ओटा पुढे उरला. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला तरंगघर्षित मंच म्हणतात तो हाच. कड्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जी छिद्रांची जाळी दिसते, ती लाटांच्या माराने झालेली नसून मिठाने झाली आहे. खारे पाणी दगडाच्या बारीक रंध्रांत शिरते, उन्हाने वाळते, मिठाचे स्फटिक वाढताना आतून दाब देतात आणि कण कण सुटत जातो. एकदा खळगा पडला की त्यात पाणी अधिक साचते आणि तो अधिक खोल होतो. मोठी माणसे तीर्थांची नावे घेत, जागोजागी पाणी डोळ्यांना लावत हा मार्ग चालतात. मला लहानपणी या जाळीवर हात फिरवत चालणे हीच प्रदक्षिणा वाटे. हे सगळे पाहायचे तर ओटा उघडा हवा, आणि ओटा पूर्ण उघडा पडतो तो उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या आसपास.

त्यामुळे एका दिवसाच्या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे: मुक्काम करा. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा या रस्त्याने तुम्ही पहाटे निघालात तरी पोहोचेपर्यंत दहा-अकरा वाजतात, आणि उधाणाच्या दिवसांत ती वेळ अगदी चुकीची असते. एकाच दिवसात उरकायचे असेल तर सप्तमी ते नवमीच्या दरम्यानचा दिवस धरा. तेव्हा सकाळी साडेअकरा ते दुपारी पाऊणच्या सुमारास ओहोटी असते आणि पाण्याला जोरही कमी असतो. मात्र भांगाच्या ओहोटीला सगळा ओटा उघडा पडत नाही, हे मान्य करून चला. पावसाळ्यात तिथी कोणतीही असो, खाली उतरू नका. देवदर्शन घ्या आणि वरूनच समुद्र पाहा. वेळ उरला तर बागमांडल्याहून फेरी बोटीने सावित्रीच्या मुखापलीकडे वेश्वीला जाता येते, गाडीही बोटीत चढते, आणि बाणकोटचा किल्ला तिथून जवळ आहे.

बाजारात काय घ्यावे हे तुम्ही विचारले नसले तरी सांगतो. आमसूल मऊ आणि काळपट लाल असावे, हाताला मिठाची जाड पूड लागू नये. आगळ आणि कोकम सरबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: आगळ खारट असते आणि सोलकढीला लागते, सरबतात साखर असते. घरी नेऊन "फसवले" म्हणणारे निम्मे लोक या दोहोंत घोटाळा केलेले असतात. कडवे वाल, पोह्याचे पापड, मिरगुंडे, आंबापोळी आणि मिळाली तर रोठा सुपारी घ्या. आंबापोळीचा भाव पाडू नका. रस पसरून, उन्हात वाळवून, थरावर थर देत ती तयार व्हायला कित्येक दिवस जातात, आणि पुण्याच्या दुकानात छापील किमतीला तुम्ही निमूटपणे पैसे मोजता.

काही गोष्टी मला आतेभावाच्या बाजूनेही मान्य कराव्या लागतील. शंखशिंपल्यांच्या माळा आणि आरसे विकायला असतात, त्यांतला बराच माल आमच्या किनाऱ्यावरचा नसतो, बाहेरून येतो. शिवाय काही जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, तेव्हा ते घेऊच नका. सुट्टीच्या दिवसांत प्लास्टिकच्या पिशव्या आणि शहाळ्यांचा ढीग पडतो आणि तो उचलण्यात आम्ही दुकानदार कमी पडतो, यात शंका नाही. आणि भरतीची वेळ विचारायचीच तर केवळ हंगामापुरत्या येऊन बसलेल्या पोरांना विचारू नका. केस पिकलेल्या बाईला विचारा. तिने सांगितलेली वेळ मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिलीत तरी तिला राग येणार नाही. खडकावर ओल्या आणि कोरड्या भागाची रेघ स्पष्ट दिसते. ती रेघ तुमच्या डोक्याच्या वर असेल तर तुम्ही उभे आहात तिथे पाणी येणार आहे, एवढे तर कोणालाही कळते.

आईचे दुकान आता त्याच रांगेत, थोडे वरच्या अंगाला आहे. वाडीत नवी रोपे लावली आहेत, पण ती अजून उत्पन्नाला आलेली नाहीत. तुम्ही गेलात आणि ताडपत्रीखाली आमसुले तोलणाऱ्या एखाद्या बाईने "आत्ता उतरू नका" म्हटले, तर तिच्याकडून काही विकत घ्या किंवा घेऊ नका, ते तुमच्यावर आहे. पण ती सांगेल त्या वेळेपर्यंत थांबा.