रोटाव्हायरसची लस: तिथं जास्त, इथं कमी?

प्रश्न: माझ्या मुलीला रोटाव्हायरसचे दोन डोस झाले, तिसरा पुढच्या आठवड्यात. माझी जाऊ इंग्लंडात स्विंडनला असते, तिच्या बाळाला दोनच दिलेत. पण व्हॉट्सॲपवर वाचलं की ही लस युरोपात जास्त चालते आणि भारतात कमी. आपल्या पोरांची इम्युनिटी कमी असते का? मग तिसरा कशाला? – एक आई, डिचोली

उत्तर: ताई, तिसरा डोस चुकवू नका, हे आधी. आकडे खरेच आहेत, युरोपात गंभीर जुलाब टाळण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जातं आणि आपल्या रोटाव्हॅकचं, म्हणजे भारतात बनलेल्या लसीचं, चाचणीत साधारण ५५ आलं. पण त्यावरून पोरं कमकुवत ठरत नाहीत. ही जिवंत विषाणूची लस, आतड्यात वाढली तरच शरीर तिच्याकडून शिकणार, आणि आपल्याकडं आईलाच हा विषाणू कितीदा तरी होऊन गेलेला असतो, तिच्या अँटिबॉडीज बाळाला पोटातच, शिवाय दुधातूनही मिळतात आणि त्या लसीलाही अडवतात, वर दुसरे जंतू बाळाच्या आतड्यात लवकर मुक्काम ठोकतात ते वेगळंच. म्हणून अंगावरचं दूध मात्र थांबवू नका हां, डोसाच्या वेळी थांबवून बघितलंय संशोधकांनी, फायदा झाला नाही.

पोलिओचंही तेच. वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७०च्या दशकातच दाखवलं की आपल्या मुलांना तीन डोस पुरत नाहीत, जास्त लागतात. पुढं पल्स पोलिओत पुन्हापुन्हा थेंब पाजले, आणि २०१४ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

बीसीजी ही टीबीची लस तर टोचायची, तरी ब्रिटनच्या शाळकरी मुलांत जवळपास ८० टक्के संरक्षण आणि तमिळनाडूत चेंगलपट्टूला, १९६८ला सुरू झालेल्या चाचणीत, मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीवर काहीच नाही! मोठा संशय माती-पाण्यातल्या जंतूंवर आहे, ते टीबीच्या जंतूचेच भाऊबंद, शेतात-विहिरीवर वाढणाऱ्याची त्यांच्याशी आधीच ओळख झालेली असते, मग लसीला नवीन शिकवायला फारसं उरत नाही. तान्ह्या बाळांना मेंदूच्या टीबीपासून मात्र ती इथंही छान वाचवते.

जीन्सचा वाटा आहेच, पण २०१५च्या एका अभ्यासात जुळ्या भावंडांच्या प्रतिकारशक्तीची जी मोजमापं घेतली, त्यातल्या तीन चतुर्थांशांवर परिस्थितीचाच पगडा निघाला.

आणि युरोपात रोटाव्हायरसच्या जुलाबानं मूल दगावणं अगदी विरळ, आपल्या देशात लसीआधी दरवर्षी हजारो जायची, त्यामुळे ५५ टक्क्यांतही इथं कितीतरी जास्त जीव वाचतात. जावेच्या बाळाला दोनच डोस का, तर तिथली लसच वेगळी आहे, तुमचे तीन पूर्ण करा.