जुन्या लाटेकसाठी संगणकाची तारीख मागे न्यावी का?

नाही. सोलापूरच्या तुमच्या छापखान्यात जुन्या लाटेकचा (मजकूर छपाईसाठी जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) फॉरमॅट, म्हणजे रोजच्या कामासाठी आधीच तयार करून ठेवायची फाइल, बनवताना ‘फाइल 5 वर्षांहून जुनी’ म्हणून काम अडतंय ना, तिथे नुसतं एंटर दाबा. ती मुदत नव्हेच, आठवण आहे: लाटेकची मूळ फाइल आपली प्रकाशन-तारीख संगणकाच्या तारखेशी ताडून पाहते, एवढंच. एंटर दाबल्यावर फॉरमॅट बनेल, हे त्या संदेशातच लिहिलेलं असतं (पण वाचतो कोण!). एकदा बनला की रोजच्या कामात तो पुन्हा अडवत नाही. तारीख मागे नेलीत तर ‘टुडे’ ही आजची तारीख छापणारी आज्ञा ती मागची तारीखच छापेल आणि गड्ड्याच्या यात्रेचं पत्रक भलत्याच वर्षाचं निघेल. मात्र विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना संपला असेल, तर एंटरने भागत नाही. परवाना नवा घ्यावा लागतो.