बंदर कामगारांनी संपाची नोटीस दिली तर सरकार तो संप थांबवू शकतं का?

हो, थांबवू शकतं, पण कायमची बंदी घालून नाही, नोटीस आली की समेटाची बोलणी सुरू होतात आणि ती चालू असेपर्यंत, आणि ती बोलणी संपल्यावर आणखी ७ दिवस, संप बेकायदेशीर ठरतो, तेवढ्या वेळात सरकार तडजोड घडवायला बघतं. औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम २२ मध्ये हे होतं (१४ दिवस आधी नोटीस पण लागायची), आता त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तसंच आहे. एक उदाहरण म्हणजे ऑगस्ट २०२४, मुंबई, जेएनपीए (न्हावा शेवा बंदर, आधीचं जेएनपीटी) धरून देशातल्या मोठ्या सरकारी बंदरांवर २८ तारखेपासून बेमुदत संप ठरला होता, आदल्याच दिवशी दिल्लीत पगारवाढीचा करार झाला, ८.५ टक्के, १ जानेवारी २०२२ पासून लागू, आणि युनियननी संप मागे घेतला. म्हणजे कामगारांचा अडीच वर्षांहून जास्त थकलेला प्रश्न संपाची तारीख डोक्यावर आल्यावरच सुटला, हे मला फार चुकीचं वाटतं. एक लक्षात ठेवा, हा करार त्या सरकारी बंदरांपुरताच, खाजगी बंदरातल्या कामगारांना तो लागू नाही.