साठच्या दशकातली गाणी: निवड, नोंद आणि वाटणी

जुन्या मराठी गाण्यांची यादी करून ती घरच्यांना आणि स्नेह्यांना पाठवण्याची हौस अलीकडे वाढलेली दिसते, आणि त्यासंबंधी या सदराकडे आलेल्या पत्रांची संख्याही लक्षणीय आहे. त्यांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: वडिलांना यंदा पंच्याहत्तरावे वर्ष लागले. त्यांच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांतील, म्हणजे साठच्या दशकातील मराठी गाण्यांची एक प्लेलिस्ट मी केली. १४० गाणी जमली. वडील मात्र पंधरा-वीस गाणी ऐकतात आणि 'आता पुरे' म्हणून उठतात. माझे काय चुकले? (एक वाचक, मिरज)

आपण यादी केली नाही, साठा केला. त्या काळातील बहुतेक गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर निघाली आणि अशा तबकडीच्या एका बाजूला तीन ते साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. त्या हिशेबाने १४० गाणी म्हणजे जवळजवळ आठ तास होतात. इतका वेळ सलग कोणी ऐकत नाही, आणि वडिलांना तर पुढचे गाणे कोणते येणार हे दहाव्या गाण्यालाच कळू लागले असणार. चोवीस गाणी घ्यावीत, ती सुमारे ऐंशी मिनिटांत संपतात. दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ त्यात चांगला जातो.

वगळायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. प्रत्येक गाण्यापुढे ते का घेतले याचे एक वाक्य वहीत लिहून पाहावे. 'फार गोड आहे' एवढेच सुचत असेल, तर ते गाणे बाजूला ठेवावे. उदाहरणार्थ, 'जगाच्या पाठीवर' हा राजा परांजपे यांचा १९६० चा चित्रपट घ्या. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेल्या या एकाच चित्रपटात 'एक धागा सुखाचा', 'बाई मी पतंग उडवीत होते', 'उद्धवा, अजब तुझे सरकार', 'का हो धरिला मजवर राग', 'तुला पाहते रे' आणि 'नाच नाचुनी अति मी दमले' अशी सहा गाणी आहेत, आणि सहाही घ्यावीशी वाटतात. तरीही दोनच घ्यावीत, कारण सहा घेतली की यादी दशकाची न राहता एका चित्रपटाची होते. माझे मत विचाराल तर 'एक धागा सुखाचा' आणि 'उद्धवा' ही दोन. पहिले वडील गुणगुणतील आणि दुसऱ्याच्या ओळींवर घरातली तरुण मंडळीही हसतील, कारण सरकार अजून तितकेच अजब आहे.

क्रम लावताना एकाच गायकाची दोन गाणी शेजारीशेजारी ठेवू नयेत आणि तीन संथ भावगीतांनंतर एखादी लावणी अवश्य यावी. 'रंगल्या रात्री अशा' (१९६२) मधील 'मला हो म्हणतात लवंगी मिरची' हे जगदीश खेबुडकरांचे शब्द, वसंत पवारांची चाल आणि सुलोचना चव्हाण यांचा ठसका असलेले गाणे मधोमध वाजले, तर पेंगुळलेला श्रोताही सरसावून बसतो. कडक हिशेबाने दशक १९६१ पासून सुरू होते, असे कोणी बजावील. घरगुती यादीत इतके सोवळे पाळण्याचे कारण नाही. 'बुगडी माझी सांडली गं' हे गाणे ज्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटातले, तो तर १९५९ चा आहे. मात्र पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला, म्हणजे साठचे दशक उजाडल्यावरही लोक ते गाणे पडद्यावर पाहतच होते. मी ते घेईन आणि पुढे वर्ष खरे लिहीन.

प्रश्न: एकाच गाण्याच्या पाच-सहा आवृत्त्या ॲपवर सापडतात. मूळ ध्वनिमुद्रण कोणते हे कसे ओळखावे? गाण्याखाली दिलेल्या वर्षावर विश्वास ठेवावा का? (एक वाचक, ठाणे)

त्या वर्षावर विसंबून राहू नये. तेथे पुष्कळदा गाण्याचे वर्ष नसून ते गाणे ज्या संकलनात नंतर घातले गेले त्या संकलनाच्या प्रकाशनाचे वर्ष असते. त्यामुळे १९६५ चे गाणे १९९८ चे किंवा २०११ चे म्हणून मिरवताना दिसते. चित्रपटाचे किंवा नाटकाचे वर्ष वेगळे पडताळून घ्यावे आणि तेच वहीत नोंदवावे.

यात मी स्वतः ठेचकाळलो आहे. मावशीसाठी केलेल्या माझ्या पहिल्याच यादीतील तिसरे गाणे सुरू झाले, तशी तिने हातातली पालेभाजीची जुडी खाली ठेवली आणि विचारले, "अरे, बाबूजींचा आवाज इतका कोवळा कधीपासून झाला?" ते गाणे सुधीर फडक्यांचेच होते, पण दुसऱ्याच गायकाने कॅसेटच्या जमान्यात पुन्हा गाऊन ठेवलेले. मुखपृष्ठावर बाबूजींचे नाव मोठ्या अक्षरांत संगीतकार म्हणून होते आणि मी ते गायक म्हणून वाचले होते.

तेव्हापासून मी काही खुणा पाहतो. पहिली खूण लांबीची. सव्वातीन मिनिटांचे म्हणून ठाऊक असलेले गाणे साडेपाच मिनिटांचे दिसले, तर ते बहुधा मैफलीतले किंवा नव्याने गायलेले असते. अपवाद चित्रपटाच्या ध्वनिपट्टीचा, कारण तबकडीत न मावलेले एखादे कडवे पडद्यावर शिल्लक असू शकते. दुसरी खूण ठेक्याची. तबल्या-ढोलकीच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक तालाचा ठणठणाट ऐकू आला आणि नावापुढे 'झंकार' असे काही लिहिलेले असले, तर पुढे जावे. तिसरी खूण दोन्ही कानांची. त्या दशकातील बहुतांश मराठी ध्वनिमुद्रणे मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येतो. एका कानात सतार आणि दुसऱ्या कानात बासरी अशी ऐसपैस विभागणी आढळली, तर ते नवे काम समजावे. सुरुवातीची बारीक खरखर हा दोष मानू नये. तबकडीवर सुई टेकल्याची ती निशाणी असते आणि ती पुसण्याच्या नादात पुष्कळदा गायकाचा श्वासही पुसला जातो.

सर्वांत भरवशाची खूण सहगायकाच्या नावाची आहे. 'शुक्रतारा मंद वारा' हे मंगेश पाडगावकरांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल असलेले युगुलगीत अरुण दाते पुढे वर्षानुवर्षे कार्यक्रमांतून गात राहिले, आणि सोबतीला निरनिराळ्या गायिका असत. मूळ ध्वनिमुद्रणात त्यांच्यासोबत सुधा मल्होत्रा आहेत. ते नाव दिसले की निश्चिंत व्हावे. काही वेळा नावच चकवते. 'साधी माणसं' (१९६५) मधील 'ऐरणीच्या देवा तुला' या गाण्याचे संगीतकार कोठे 'आनंदघन' तर कोठे लता मंगेशकर असे लिहिलेले आढळते. त्या दोन आवृत्त्या नव्हेत. आनंदघन हे लताबाईंनीच संगीतकार म्हणून घेतलेले नाव होते.

प्रश्न: आमच्या घरी नाट्यसंगीताचे वेड आहे, परंतु भावगीतांच्या यादीत नाट्यपदे घातली की ती उपरी वाटतात. वेगळी यादी करावी का? (एक वाचक, मडगाव)

जुन्या, म्हणजे किर्लोस्कर-बालगंधर्व परंपरेतील पदांची वेगळी यादी करणे योग्य होईल. साठच्या दशकातील नव्या नाटकांची गोष्ट निराळी आहे. जितेंद्र अभिषेकी यांनी 'मत्स्यगंधा' (१९६४), 'ययाति आणि देवयानी' (१९६६) आणि 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकांसाठी ज्या चाली बांधल्या, त्यांत पद आटोपशीर झाले आणि शब्द स्पष्ट कानी पडू लागले. म्हणूनच 'मत्स्यगंधा'तील आशालता वाबगावकर यांचे 'गर्द सभोंती रान साजणी' हे पद एखाद्या भावगीताच्या शेजारी ठेवले तरी परके वाटत नाही. रामदास कामत यांचे 'गुंतता हृदय हे' मात्र शेवटाकडे ठेवावे. त्याच्यानंतर येणारे कोणतेही गाणे फिके पडते, हा माझा अनुभव आहे. अभिषेकी मंगेशीचे आणि कामत साखळीचे, त्यामुळे मडगावात तरी या पदांना उपरे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

'कट्यार'मधील 'घेई छंद मकरंद' या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या पदाला नाटकात दोन चाली आहेत, कारण दोन घराण्यांतील स्पर्धा हाच त्या नाटकाचा विषय आहे. दोन्ही चाली पाठोपाठ ठेवून पाहाव्यात. एरवी एकच गाणे दोनदा घेऊ नये असे मी सांगितले असते, पण येथे शब्द तेच राहून गाण्याचा स्वभाव कसा पालटतो हे ऐकणाऱ्याला कोणी समजावून न सांगता कळते. खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे यांचा आवाज त्यांपैकी निदान एका चालीत असलाच पाहिजे.

एक तांत्रिक सूचना. एक गाणे संपत आले की त्याच्यावरच पुढचे सुरू करणारी 'क्रॉसफेड' नावाची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. नाट्यपदे लावण्यापूर्वी ती बंद करावी, नाहीतर आधीच्या लावणीची ढोलकी पुढच्या पदाच्या आलापात शिरते. गाण्यांचा आवाज सारखा राखणारी सोय मात्र चालू ठेवावी, म्हणजे तबकडीवरून घेतलेले मंद गाणे आणि पुढचे खणखणीत गाणे यांच्यामध्ये वडीलधाऱ्यांना दरवेळी उठावे लागणार नाही.

प्रश्न: तयार केलेली यादी पुण्यातील आत्याला, बडोद्यातील काकांना आणि अमेरिकेतील चुलत बहिणीला पाठवायची आहे. गाण्यांच्या फाइली व्हॉट्सॲपवर पाठवल्या तर चालेल का? पन्नास-साठ वर्षे जुन्या गाण्यांवर कोणाचा हक्क उरतो का? (एक वाचक, नाशिक)

हक्क उरतो, आणि तो एकपदरी नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे टिकतो. १९६० मध्ये प्रकाशित झालेल्या तबकडीवरील हा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. परंतु शब्द आणि चाल यांवरील हक्क कवीच्या आणि संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षे राहतो. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चालीवरील हक्क २०६२ च्या अखेरपर्यंत. एकाच गाण्याचे तीन पदर तीन निरनिराळ्या वर्षी मोकळे होतात, ते असे. तेव्हा 'जुने आहे, म्हणजे सर्वांचे आहे' या समजुतीने फाइली वाटू नयेत. अधिकृत ॲपवरील यादीचा दुवा पाठवावा. त्यात कायद्याची अडचण येत नाही आणि फोनही भरत नाही.

दुव्याच्या अडचणी निराळ्या असतात. आत्याकडे एक ॲप, काकांकडे दुसरे, आणि अमेरिकेत तेच गाणे हक्कांच्या कारणास्तव दिसतच नाही, असे घडते. म्हणून दुव्यासोबत साध्या मजकुराचे एक पान पाठवावे, ज्यात प्रत्येक गाण्याचे पहिले शब्द, कवी, संगीतकार, गायक, चित्रपट किंवा नाटक आणि वर्ष एवढे असेल. ज्याला दुवा उघडत नाही तो त्यावरून आपल्या ॲपवर गाणे शोधू शकतो. ॲपवरून एखादे गाणे उद्या नाहीसे झाले, तरी पानावर त्याची नोंद राहते. आकाशवाणीवर 'आपली आवड' ऐकणाऱ्या पिढीला गाण्याआधी कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे ऐकण्याची सवय आहे, आणि हे पान मिळाले की गाणी लावण्याआधी आत्या ते मोठ्याने वाचून दाखवील याविषयी मला शंका नाही.

यादी सर्वांना बदलता येईल अशी खुली ठेवू नये. एका घरात मी तसे केलेले पाहिले आहे. तिसऱ्या दिवशी तीत एका भाच्याचे आवडते रॅप आले आणि चौथ्या दिवशी सत्यनारायणाची आरती. सुचवण्या फोनवर घ्याव्यात, बदल एकाच्याच हातून व्हावा. आणि यादी एखाद्या सभागृहातील कार्यक्रमात वाजवणार असाल, तर तो घरगुती वापर राहत नाही. सभागृहाच्या व्यवस्थापकाकडे संगीत वाजवण्याच्या परवान्याची चौकशी आधीच करावी.

प्रश्न: गीतरामायण साठच्या दशकाच्या यादीत घालावे की नाही, यावरून आमच्या घरी वाद झाला आहे. निकाल द्यावा. (एक वाचक, इंदूर)

घालू नये. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर दर आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले, म्हणजे दशक पन्नासचे. त्या प्रसारणात निरनिराळ्या पात्रांची गीते निरनिराळ्या गायकांनी म्हटली होती. घरोघरी पोहोचलेल्या ध्वनिमुद्रिकांत मात्र सर्व गीते एकट्या बाबूजींच्या आवाजात आहेत, आणि आपल्या घरातील वादाचे मूळ बहुधा तेथेच असावे. शिवाय ५६ गीतांतून दोन उचलून ती लावणी आणि युगुलगीत यांच्यामध्ये बसवणे मला प्रशस्त वाटत नाही. रामनवमीला ते सलग लावावे. साठच्या दशकाच्या यादीत आपल्या गावचे एक नाव हवे असेल, तर अरुण दाते इंदूरचेच होते.